आकडा मीच दुरुस्त करून दिला

लोकांना नंबर सांगणं ही माझी नोकरी होती. वसईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी चौकशीच्या टेबलावर बसायचे. कुणी फोन करून एखाद्या दवाखान्याचा, शाळेचा, मंगल कार्यालयाचा नंबर विचारायचं आणि मी तो शोधून सांगायचे. नंबर कसा सांगायचा याची आम्हाला शिस्त लावलेली होती. आकडे गटागटानं म्हणायचे, मध्ये थांबायचं, समोरच्याला लिहायला वेळ द्यायचा आणि शेवटी सांगायचं, "परत म्हणून दाखवा." त्यानं चुकीचं म्हटलं तर दुरुस्त करायचं. माणूस चुकीचा नंबर घेऊन गेला तर दोष आपला, हे आमच्या पहिल्या सुपरवायझर बाईंनी आमच्याकडून इतक्या वेळा घोटून घेतलं होतं की घरी दूधवाल्यालासुद्धा मी "परत म्हणा" असं सांगायचे.

एकदा एका बँकेची दोन मुलं एक्स्चेंजच्या दारात टेबल टाकून बसली. क्रेडिट कार्ड घेतलं की प्रवासाची बॅग फुकट. आम्ही सगळ्याच जणींनी अर्ज भरले. मला बॅग हवी होती. कार्ड आलं, ते मी कपाटात साड्यांखाली ठेवलं. वर्षभरात दोनदा वापरलं असेल, एकदा मिक्सरसाठी आणि एकदा लेकीच्या पुस्तकांसाठी. दोन्ही वेळा पैसे वेळेवर भरले, म्हणून बँकेनं न विचारताच माझी मर्यादा वाढवली. ते पत्र मी नवऱ्याला कौतुकानं दाखवल्याचं आठवतं.

मग एका दुपारी घरी फोन आला. माझी सुट्टी होती, मी गवार मोडत बसले होते. बोलणारा मुलगा बँकेतून बोलत होता आणि मराठीत बोलत होता. बँकेचे फोन एरवी हिंदीत नाहीतर इंग्रजीत यायचे, त्यामुळे मी आधीच खूश. कार्डाची मुदत संपत आली आहे, नवं कार्ड पाठवायचं आहे, फक्त नंबर जुळवून बघायचा आहे, असं तो म्हणाला. मी हात पुसून कार्ड काढून आणलं आणि चार-चार आकड्यांचे गट पाडून सावकाश वाचून दाखवलं.

"लिहिलंत? आता परत म्हणा."

त्यानं म्हटलं. एका ठिकाणी नऊऐवजी सहा म्हणाला.

"सहा नाही, नऊ."

"सॉरी मॅडम. नऊ."

"हं. आता बरोबर."

मुदतीचा महिना विचारला, तो सांगितला. मागचे तीन आकडे विचारले, तेही सांगितले. "तुमच्यासारखं सगळ्यांनी नीट सांगितलं तर आमचं काम किती सोपं होईल," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. मी परत गवार मोडायला बसले. कामाचं कौतुक झालं म्हणून मला दिवसभर बरं वाटत होतं, हेही लिहिलं पाहिजे.

बिल आलं तेव्हा त्यात विमानाची तिकिटं होती, हॉटेल होतं, कॅमेरा होता. आमच्या घरात विमानात बसलेलं कुणी नव्हतं. आकडा माझ्या चार महिन्यांच्या पगाराच्या आसपास गेला होता. बिल हातात घेऊन मी उभी राहिले आणि मला त्या मुलाचं 'सॉरी मॅडम, नऊ' ऐकू आलं. काय झालं ते शोधत बसावं लागलं नाही.

संध्याकाळी जेवायच्या आधीच मी घरात सांगून टाकलं. नवरा होता, सासरे होते, लेक होती. सासूबाई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. नवऱ्याचा पहिला प्रश्न, "नंबर त्याला मिळाला कसा?"

"मी दिला."

"असा कसा दिला?"

"सावकाश दिला. परत म्हणून घेतला. एक आकडा चुकला होता, तो दुरुस्त करून दिला."

लेकीला हसू आलं, ते तिनं दाबलं. सासरे पाटावर बसले होते. ते म्हणाले, "बाय, जन्मात एकदा तरी कामात चुकायचं होतंस." सासरे आमच्या वाडीच्या बोलीत बोलत. मी दादरच्या चाळीतून विरारजवळच्या नंदाखालला लग्न होऊन आलेली, मला ती बोली ऐकून कळते पण लिहिता येत नाही. म्हणून त्यांचं बोलणं इथे साध्या मराठीत लिहिते आहे. त्यातला तिखटपणा थोडा कमी होतो, तेवढं समजून घ्यावं.

आता गाडीबद्दल सांगायला हवं. गाडी सासऱ्यांची होती. पांढरी, चौकोनी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असलेली. वसईच्या एका डॉक्टरांकडून त्यांनी ती जुनीच घेतली होती, केळीच्या पैशातून. मागचं सीट काढून ठेवून तिच्यातून घड आगाशीच्या बाजारात नेले होते आणि तेच सीट परत बसवून माझी वरात आणली होती. माझी लेक जन्मली तेव्हा मला दवाखान्यात त्यांनीच नेलं. आळीतल्या कुणालाही गाडी लागली तर ते नाही म्हणत नसत, फक्त किल्ली देत नसत. स्वतः चालवत येत.

पुढे त्यांना काचबिंदू झाला. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असं बजावलं. नवरा कधी शिकलाच नाही, त्याला स्कूटर पुरे होती. मग गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. सासरे रोज सकाळी जाऊन ती पुसत, आत बसत, इंजिन सुरू करून दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवत. मी विचारलं की म्हणत, "इंजिनाला झोप येते, जागं ठेवायला लागतं." पेट्रोल मी आणून द्यायचे. विमा, कर, बॅटरी, सगळं माझ्या पगारातून. त्या शेडमध्ये मला कपडे वाळत घालायला आणि पावसाळ्यात लाकडं ठेवायला जागा हवी होती. गाडी विका, असं मी निदान वर्षभर म्हणत होते. जेवताना म्हणत होते, पाहुण्यांसमोर म्हणत होते. सासरे ऐकून न ऐकल्यासारखं करत. एकदा म्हणाले, "मी गेल्यावर वीक. तेव्हा कपडे वाळत घाल माझ्या नावानं."

आणि आता हे बिल. लेकीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला माझे प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून झाले होते. दागिने पतपेढीत गहाण होते. नवऱ्याच्या कारखान्यात पगार तीन-तीन महिने लांबत होता. घरात विकण्यासारखी एकच वस्तू उभी होती आणि ती कुठली, हे तोंडानं कुणी बोललं नाही. माझ्याकडे तर बोलायला तोंडच नव्हतं. वर्षभर जे मागत होते ते माझ्याच हातून घडून येत होतं. मनात आलं, आळीत कुणी म्हणेल, बाईनं बरोबर डाव साधला. कुणी म्हटलं नाही. पण मी स्वतःशी ते म्हणून बघितलं आणि ते अगदीच खोटं वाटलं नाही. रिकामी शेड मला क्षणभर दिसली होती, बिल हातात असतानाच.

विरारला बँकेच्या शाखेत गेले. काचेमागे पंचविशीतला मुलगा होता. मी सगळं सांगितलं, गवारीसकट. त्यानं तक्रारीचा फॉर्म काढला आणि पेनाच्या टोकानं एक चौकोन दाखवला. 'कार्डाची माहिती मी कुणालाही दिलेली नाही', असा त्याचा अर्थ होता.

"इथे टिक करा मॅडम. बहुतेक पैसे परत मिळतील."

"पण मी दिली आहे. आत्ताच तर तुम्हाला सांगितलं."

त्यानं मागे वळून बघितलं आणि आवाज खाली केला. "मी काही ऐकलं नाही. तुम्ही घरी जा, विचार करा, उद्या आणून द्या."

चांगला मुलगा होता. मी फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला आणि आगाशीच्या बसमध्ये बसले.

घरी फॉर्म टेबलावर ठेवला. नवऱ्यानं वाचला आणि त्याचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा सैल झाला. "मग प्रश्नच मिटला. कर की टिक."

"खोटं आहे ते."

"अगं, तो चोर विमानातून फिरून आला आणि तू खरं-खोटं बघत बसलीस?"

"विचारलं तर काय सांगू? फोन कसा झाला, काय झालं?"

"कोण विचारतंय! त्यांच्या माणसानंच सांगितलं ना."

सासरे दारात बसून ऐकत होते. ते कधी कुणाकडे काही मागत नसत. त्या दिवशी म्हणाले, "बाय, एका खुणेचा प्रश्न आहे. कर."

त्यांना गाडी हवी होती आणि त्यासाठी त्यांनी मला विनंती केली होती. इतक्या वर्षांत हीच एक.

मी त्याखालच्या, 'माहिती दिली आहे' अशा अर्थाच्या दुसऱ्या चौकोनात टिक केली आणि खाली चार ओळींत जे झालं ते लिहिलं.

का, हे नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. तेव्हा मला वाटलं होतं की मी खरेपणानं वागते आहे. ते काही प्रमाणात होतंच. पण मी सरकारी नोकर होते आणि खोटं लिहिलेला कागद पुढे कुठे जाईल याची भीतीही होती. फोनच्या खात्यात असल्यामुळे कुठल्या फोनची नोंद कुठे राहते हे मला इतरांपेक्षा जास्त माहीत होतं. आणि ती रिकामी शेड. तिचा वाटा किती होता ते मला अजून नक्की सांगता येत नाही. शून्य होता असं मात्र म्हणवत नाही.

बँकेचं उत्तर आलं की माहिती ग्राहकानं स्वतःच दिल्यामुळे जबाबदारी ग्राहकाची. नवऱ्यानं ते वाचून माझ्यासमोर ठेवलं आणि स्कूटर काढून बाहेर गेला. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलू लागला. "मीठ दे." "लाइटबिल भरलं." सासरे मात्र बोलायचं थांबले नाहीत, उलट जास्त बोलू लागले. मी फोनवर बोलत असले की मोठ्यानं म्हणत, "त्याला घराची किल्ली कुठे ठेवतो तेही सांग. आणि परत म्हणून घे." भाजीवाली दारात आली की तिला म्हणत, "हिला भाव विचारू नको, सगळे आकडे सांगून टाकते." भाजीवाली हसायची. मीही हसायचे, दुसरं काय करणार.

व्याज चढत होतं. मी थोडं-थोडं भरत होते पण ते व्याजातच जात होतं. मग एका रविवारी सकाळी मोटारसायकलवरून वसुलीची दोन माणसं आली. सासऱ्यांना गाडी पुसून, इंजिन बंद करून उतरून बराच वेळ झाला होता. मी बाहेर येईपर्यंत त्यातला एक जण घरापुढच्या खळ्यात उभ्या-उभ्या सगळीकडे नजर फिरवून झाला होता. दुसरा गाडीच्या बोनेटवर टेकून बसला होता.

"मॅडम, गाडी आहे घरात आणि बँकेचे पैसे नाहीत?"

"गाडी माझी नाही. सासऱ्यांची आहे."

"घर एकच ना? सूनबाईंनी मजा केली, आता घरच्यांनी भरा."

सासरे काठी टेकत पुढे आले. "मजा केली असती तर मला वाईट वाटलं नसतं," ते म्हणाले. "आमच्यात मजा कुणी करत नाही. तू आधी बोनेटवरून ऊठ."

"काका, जुनी गाडी आहे, काय होतंय?"

"गाडी थंड झालीय, मी तापलोय. ऊठ."

तो उठला. जाताना ते दोघं मोठ्या आवाजात पुढच्या रविवारी परत येऊ असं सांगून गेले, आळीत ऐकू जाईल असं. शेजारच्या काकी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्या आत गेल्या. सासऱ्यांनी फडकं घेतलं आणि तो माणूस जिथे बसला होता तिथे बोनेट परत पुसलं. मग मला म्हणाले, "गिऱ्हाईक बघ."

"बाबा, मी आणखी कुठून तरी—"

"कुठून? बघ म्हटलं ना."

दोन गिऱ्हाइकं आली. पहिले नंदाखालच्या चर्चजवळ राहणारे निवृत्त मास्तर. बायकोचे गुडघे गेले होते, तिला रविवारी मिस्साला न्यायला त्यांना गाडी हवी होती. ते सासऱ्यांना ओळखत होते. गाडीत बसून त्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला आणि सासऱ्यांशी तासभर जुन्या गोष्टी बोलत बसले. त्यांनी जी किंमत सांगितली ती कर्जाला पुरत नव्हती. मी ताणून बघितलं. मास्तर म्हणाले, "ताई, माझी पेन्शन तुम्हाला सांगू का?" आणि मी ताणणं सोडलं.

दुसरा विरारचा मोटर ट्रेनिंग स्कूलवाला. त्याला शिकाऊ लोकांसाठी जुनी गाडी हवी होती. डावीकडे आणखी एक ब्रेक बसवायचा, टपावर बोर्ड लावायचा आणि दिवसभर नवशिक्यांच्या हाती द्यायची. त्यानं बोनेट उघडलं, बंद केलं आणि मास्तरांपेक्षा बरीच जास्त किंमत सांगितली. मी आणखी थोडी वाढवून मागितली, त्यानं ती दिली. कर्ज पूर्ण फिटत होतं.

त्या संध्याकाळी मी सासऱ्यांसमोर दोन्ही किमती ठेवल्या. त्यांनी विचारलं, "मास्तर काय म्हणाले, हप्त्यानं देतील?"

"उरलेले वर्षभरात देतो म्हणाले. पण तोवर व्याज."

"हं."

"तुम्ही म्हणाल तसं करू."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी म्हटलं होतं तसं केलंस कधी? फॉर्मच्या वेळी म्हटलं होतं. ठरव तू."

मी ट्रेनिंग स्कूलवाल्याला हो म्हणून कळवलं. हिशेबात दुसरं काही बसत नव्हतं. आजही तो हिशेब मांडला तर उत्तर तेच येईल. पण हेही खरं की मास्तरांना हो म्हटलं असतं तर वर्षभर ओढाताण माझी झाली असती. खरं लिहिणार मी, सुटका माझी, आणि जायचं होतं ते त्यांचं गेलं.

तो माणूस गाडी न्यायला आला तेव्हा सासऱ्यांनी कागदांवर सह्या केल्या. सही कुठे करायची ते दिसत नव्हतं, मी त्यांचं बोट धरून जागेवर ठेवलं. मग त्यांनी त्याला सांगायला सुरुवात केली. थंडीत चोक किती ओढायचा, दुसरा गिअर कसा हळू टाकायचा, उजवा दरवाजा आपटायचा नाही. तो माणूस घड्याळ बघत होता. "काका, माझ्याकडे येणारे सगळे आपटणारच," तो हसत म्हणाला. सासरे म्हणाले, "बरोबर आहे," आणि सांगायचं थांबले. गाडी गेटमधून बाहेर पडताना ते आत निघून गेले होते. मी एकटीच खळ्यात उभी होते.

पैसे भरून मी कार्ड कात्रीनं कापलं. नवरा हळूहळू बोलू लागला. शेडमध्ये मी दोऱ्या बांधल्या नाहीत. पहिल्या पावसाळ्यात लाकडं मात्र ठेवली, कारण ती भिजून चालत नाहीत.

सासऱ्यांना दर महिन्याला डोळे दाखवायला विरारला न्यावं लागायचं. ते काम मी घेतलं. नवरा म्हणाला मी नेतो, लेक म्हणाली मी नेते, मी कुणाला नेऊ दिलं नाही. नंदाखालहून रिक्षा करून आम्ही दोघं जायचो. वाटेत ते फारसं बोलत नसत, रिक्षावाल्याच्या चालवण्यावर काहीतरी म्हणत तेवढंच.

एकदा आगाशीच्या पुढे रस्त्यात खोळंबा झाला. समोर एक गाडी मधोमध बंद पडली होती. पांढरी, टपावर बोर्ड लावलेली, मागे शिकाऊचं मोठं तांबडं 'एल' अक्षर. मी ओळखली. सासऱ्यांना पुढचं दिसत नव्हतं, म्हणून मी काही बोलले नाही. आत कुणीतरी मुलगी चाबी फिरवत होती, इंजिन घरघरून परत बंद पडत होतं. आमचा रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला.

"वाजवू नको," सासरे म्हणाले. "त्यानं चालवणारा जास्त घाबरेल."

"आजोबा, तुम्हाला डॉक्टरकडे जायचंय ना?"

"डॉक्टर कुठे पळत नाही. चोक जास्त ओढलाय. थांब जरा, आपोआप होईल."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. इंजिन सुरू झालं, गाडी दोन झटके खाऊन पुढे गेली आणि आम्ही मागून गेलो.

डॉक्टरांच्या दारात रिक्षा थांबली. मी पर्स उघडली. त्यांनी नेहमीप्रमाणे माझा हात बाजूला केला. सदऱ्याच्या खिशातून नोटा काढून, एकेक बोटानं चाचपून, रिक्षावाल्याला दिल्या. दर महिन्याला हेच व्हायचं. जाताना तेच द्यायचे, येताना तेच द्यायचे. मी आधी हट्ट केला होता, भांडलेही होते, चोरून रिक्षावाल्याच्या हातात नोट ठेवून बघितली होती. त्यांना ते कळायचं आणि ती नोट ते परत मागून घ्यायचे.

"बाबा, एकदा तरी मला देऊ द्या."

"राहू दे," ते म्हणाले आणि उतरायला माझा हात धरला. पायऱ्या चढेपर्यंत तो सोडला नाही.

ते होते तोवर एकदाही त्यांनी मला ते भाडं देऊ दिलं नाही.